वाकळ शिवून घर चालेल का?

सुई_धावदोरा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

राम राम मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माहेर पूर्णा तालुक्यातलं, सासर आणि मुक्काम छत्रपती संभाजीनगर. वय ३९. चौदा वर्षं एका दुकानदाराकडं हिशेब लिहिते. मालक भला माणूस, पगार वेळेवर, तक्रार काही नाही. पण दुपारी तीनला डोळ्यांपुढं आकडे नाचायला लागले की हात आपसूक टेबलाखालच्या पिशवीत जातो. पिशवीत कुणाच्या तरी बाळाचं दुपटं असतं.

आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आजीला आम्ही माय म्हणायचो. चैत्रात रानातली कामं सरली की माय ओसरीवर वाकळ मांडायची. खाली तिचंच विटलेलं नऊवारी, मधे बापूंच्या धोतरांचे थर, वर हाताला लागतील ते तुकडे. चार कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा, वरवंटा आणि दोन दगड. काठापासून धावदोरा घालायला घ्यायचा आणि फिरत फिरत मधे यायचं. आम्हा पोरींना एकेक बाजू वाटून दिलेली. माझा टाका मोठा पडला तर माय बोलायची काही नाही, संध्याकाळी तेवढाच उसवून ठेवायची. शेवटी वीतभर चौकोन उरला की त्यात भाकरीचा कुटका ठेवून वरून शिवून टाकायची. वाकळीला उपाशी ठेवू नये म्हणायची.

२०२० च्या टाळेबंदीत मी परत सुई धरली. आजवर लहानमोठ्या २३ झाल्या. सगळ्या वाटल्या. गेल्या महिन्यात एका बारशात नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोनं विचारलं, अशी एक आम्हाला करून द्याल का, केवढ्याला पडेल? माझी दातखीळच बसली. 'अहो, पैसे कसले घ्यायचे' असं बोलून गेले. चौदा वर्षं दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणारी बाई मी! रात्रभर स्वतःवर चिडले.

तर विचारायचंय ते हे. यावर घर चालतं का? सगळं नाही तर निम्मं? इकडं कुणी केलंय का? दर कसा लावता? नोकरी सोडायची का, आणि सोडायची तर कधी? घरात विचारलं तर 'छंद आहे तो छंदच राहू दे' असं उत्तर आलं. सासूबाई मात्र गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की विषय संपलेला नसतो.

जायकवाडी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:३१

फोटो टाका की ताई. फोटोशिवाय असला धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

सुई_धावदोरा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

टाकत होते, आकार मोठा आहे म्हणतंय. लेकाकडून लहान करून घेते.

खडूस_मुनीम | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ताई, तुम्हीही आकड्यांतल्या आणि मीही, त्यामुळं माया बाजूला ठेवून बोलतो.

पाच फूट बाय सात फुटांची वाकळ धरा. ६० इंच रुंद, ८४ इंच लांब. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर असेल तर १६८ ओळी होतात. प्रत्येक ओळ ६० इंचांची. म्हणजे १०,०८० इंच, २५६ मीटर टाका. तुम्ही काठाकडून फिरत आत आलात तरी लांबी साधारण तेवढीच भरते. एका ओळीला दहा मिनिटं धरली तर २८ तास. ही धावदोऱ्याची मेहनत झाली. तुकडे निवडणं, बेतणं, इस्त्री, थर लावून कच्चे टाके घालणं आणि काठ मुडपणं याला आणखी सहा तास सोडा. एकूण ३४.

आमच्या गावात खुरपणीला बाईला ३०० रुपये रोज आहे, सहा तासांचा. तासाला ५०. त्याच भावानं तुमची मजुरी १,७०० होते. अस्तर आणि दोरा ४००, धुलाई-बांधणी-पार्सल २५०. झाले २,३५०. यात नफा नाही, बिघडलेला माल नाही, गिऱ्हाईकाशी फोनवर घालवलेली तासन्‌तास दुपार नाही. ३,५०० च्या खाली विकलीत तर तुमच्या कलेचा भाव खुरपणीएवढासुद्धा उरत नाही.

अजून एक गोष्ट बघा. ओळींतलं अंतर अर्ध्या इंचाऐवजी एक इंच केलं तर २८ चे १४ तास होतात. म्हणजे दर ठरवायची कळ तुमच्या सुईत आहे. गिऱ्हाईकाला दोन्ही तुकडे हातात द्या आणि विचारा, यातलं कुठलं हवं?

नोकरी आत्ता सोडू नका. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक पडेपर्यंत तर अजिबात नाही.

चौकातला_माणूस | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

राग मानू नका. आमच्या चौकात टेम्पोत मशीन टाकून एक जण येतो, आपल्या साड्या द्यायच्या, चहा पिऊन होईपर्यंत गोधडी तयार. २५० रुपये. साडेतीन हजाराला कोण घेणार हो? ज्याच्याकडं साडेतीन हजार आहेत तो मऊ ब्लँकेट घेतो, ज्याला गोधडी लागते त्याच्याकडं साडेतीन हजार नाहीत.

खडूस_मुनीम | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

बरोबर आहे. म्हणून ज्याला पांघरूण पाहिजे त्याला ही विकायचीच नाही. त्याला टेम्पोचा पत्ता द्यायचा.

गंगाखेडची_लेक | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

सुईताई, तुमचा 'पैसे कसले' वाचून हसू आलं आणि जीव पण कळवळला. माझं वय ६७. आमच्या गावाची जनाबाई तुम्हाला माहीतच आहे. कीर्तनकार सांगतात ती गोष्ट आठवा. विठ्ठल रात्री जनीकडं आला, पहाटे काकड्याची घाई झाली, तसा स्वतःचं पदक तिथंच विसरला आणि तिची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. पुढं काय झालं? पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला, तिला सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं म्हणून वाचली. माझी आत्या ही गोष्ट ऐकली की म्हणायची, देवानं वाकळ फुकट नेली आणि आळ शिवणारीवर आला, बघ बाई.

थट्टा सोडा. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात वाकळा शिवून देणाऱ्या दोघी बाया यायच्या. चार-चार दिवस ओसरीवर बसायच्या. जाताना पायल्यांनी मापून ज्वारी, एक जुनं लुगडं आणि चहा-साखरेची पुडी घेऊन जायच्या. म्हणजे वाकळीची मजुरी पहिल्यापासून होती. घरच्या बाईनं शिवली तेवढीच फुकट असायची. तुम्ही काही नवीन आणि लाजिरवाणं करत नाही आहात.

आणि सासूबाईंना विचारा एकदा, त्यांनी किती शिवल्या ते.

टाचणी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

मी मूळची लातूरची, पुण्यात नऊ वर्षं हेच काम करते. सविस्तर लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या कमाईत शिवलेल्या मालाचा वाटा निम्म्याहून कमी आहे. बाकी पैसा शिकवण्यातून येतो. दोन दिवसांची कार्यशाळा, आठ-दहा जणी, प्रत्येकीनं एक उशीचा अभ्रा करून घरी न्यायचा. सुरुवातीला मला हे कमीपणाचं वाटायचं, की आपण कलाकार, मास्तरीण कशाला व्हायचं? आता वाटत नाही. एका वाकळीवर महिना जातो, एका शनिवार-रविवारात दोन महिन्यांच्या अस्तराचे पैसे सुटतात.

मालात खरी मागणी आहे ती आठवणींच्या गोधडीला. आजीच्या, आईच्या साड्या लोक स्वतःहून आणून देतात. बाळंतविड्यात घालायला पणजीच्या लुगड्याचं दुपटं हवं असतं. इथं टेम्पोवाल्याशी तुमची स्पर्धाच नाही, कारण आईची साडी चालत्या मशीनखाली टाकायला माणसाचं मन धजत नाही. पण हेच काम सगळ्यात जोखमीचं. साडी एकदा कापली की संपलं. मी आता कापायच्या आधी प्रत्येक साडीचा पदर, काठ, अंगाचा भाग असा फोटो पाठवते, कुठून कापू ते विचारते, आणि 'काप' असं लिहून आल्याशिवाय कात्रीला हात लावत नाही. निम्मे पैसे आगाऊ. नात्यातल्यांकडूनही आगाऊ. नात्यातल्यांकडून तर आधी.

कापडाचं बोलायचं तर आजच्या साड्या ही डोकेदुखी आहे. आपल्या आज्यांची लुगडी सुती होती, शंभर धुण्यांनी लोण्यासारखी झालेली, सुई आपण होऊन आत जायची. आता घरोघरी सिंथेटिक. थर घसरतात, सुई अडते, घाम शोषत नाही. सिंथेटिक आलीच तर ती वरच्या तुकड्यांपुरती वापरा, आतले थर आणि अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवा. एका सहावारीत सात फूट लांबीच्या दोन पट्ट्या निघतात, त्या शेजारी-शेजारी जोडल्या की एक थर होतो. चार थरांच्या मोठ्या वाकळीला चार साड्या, असं गिऱ्हाईकाला आधीच सांगा. जुनी पैठणी मात्र पांघरायच्या गोधडीत घालू नका. घड्यांवर रेशीम तडकलेलं असतं आणि जरीची तार टोचते. ती भिंतीवर लावायच्या कामाला ठेवा.

मांजरपाटाचं नवं अस्तर धुऊन, आटवून मगच लावायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आक्रसतं आणि वरची बाजू पापडासारखी फुगते. दोऱ्यावरून मेण ओढून घ्या, गुंता होत नाही. आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाला हो, मी घातलं नाही, आता त्या बोटाला थंडीत कळ लागते.

भाकरीचा कुटका वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण विकायच्या मालात घालू नका. मुंग्या. पार्सल उघडून ओरडलेल्या बाईचा फोन मी घेतलाय.

तेरणाकाठ | ९ ऑक्टोबर, पहाटे ५:५०

मला धंद्यातलं कळत नाही. औसा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायलो होतो. मदतीच्या गाड्यांतून कपड्यांचे ढीग यायचे. शहरातले कपडे. टेरिकॉटच्या पँटी, कोट, एक नाचायचा झगा पण होता. घालणार कोण ते? आई तशी शिवणारी बाई नव्हती. पण त्या थंडीत तिनं चार पँटी उसवल्या, कोटाचं अस्तर काढलं आणि दोघा भावांपुरती वाकळ केली. सुई शेजारच्या शेडातून, दोरा पोत्याच्या तोंडाचा. अजून आहे ती. वजनाला म्हशीएवढी, एका कोपऱ्यात पँटीचा खिसा तसाच ठेवलाय. लहानपणी मी त्यात चिंचोके ठेवायचो.

एका पाहुण्यानं मागं ती विकत मागितली, संग्रहाला म्हणून. दिली नाही. पण तो भाव विचारायलता तेव्हा आईच्या तोंडावर काय दिसलं ते सांगता येत नाही. राग नव्हता. तिला बरं वाटलं होतं.

निळी_शाई | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

तेरणाकाठ, __/\__

थोडं बाहेरचं सांगते, कारण यात शिकण्यासारखं आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी ही सगळी आपल्या वाकळीची सख्खी-चुलत भावंडं. जुने थर आणि धावदोरा हा पाया एकच. कांथा आणि सुजनीला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या काळ्या बायका, बहुतेक शेतमजुरांच्या घरातल्या, घरचे जुने कामाचे कपडे फाडून गोधड्या शिवायच्या. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्यानं त्यांच्यावर दहा तिकिटं काढली. इथवर गोष्ट गोड आहे. २००७ मध्ये त्यातल्याच काही बायकांनी कोर्टात दावे लावले, की आमच्या गोधड्यांवर आणि नक्ष्यांवर झालेल्या कमाईत आमचा वाटा आम्हाला नीट मिळाला नाही. पुढच्या वर्षी ते दावे आपसांत मिटले.

सुईताई, उद्या ऑर्डरी वाढल्या की तुम्ही गावाकडच्या बायकांना काम देणार, हे उघड आहे. तेव्हा लेबलवर नाव कुणाचं घालणार ते आजच ठरवा.

तांड्यावरची | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०२

निळीशाईंना +१. आमच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कशिद्याचे तुकडे लोक तांड्यावरून शंभर-दोनशेला उचलतात आणि शहरात पिशवीवर लावून दोन हजाराला विकतात. 'बंजारा वर्क' एवढंच लिहितात. कुठल्या बाईचं, कुठल्या तांड्यावरचं, काही नाही. तुम्ही तसं करणार नाही असं वाटतंय, पण लिहून ठेवते.

चौकातला_माणूस | ९ ऑक्टोबर, रात्री ८:१०

अवांतर: आमच्या आजीच्या गोधडीतून २०१७ च्या उन्हाळ्यात जुन्या पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या. बँकेत भरायची मुदत डिसेंबरातच संपलेली. आजी म्हणे, गोधडीवर माझा भरवसा होता, सरकारवर नव्हता.

खडूस_मुनीम | १० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

:) अकरा नोटांबद्दल सहवेदना.

कागदपत्रांचं लिहितो, मग मी गप्प. उद्यम नोंदणी करून घ्या, ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी पानं दिसतील, ती सरकारी नव्हेत. हस्तकला कारागिराचं 'पहचान' ओळखपत्र काढायचा प्रयत्न करा, सरकारी प्रदर्शनांत गाळा मागताना उपयोगी पडतं. पीएम विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत त्यात दर्जी म्हणजे शिंपी येतो. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्क्यांनी, पण घरातल्या एकालाच. गावाकडच्या बायकांचा बचत गट 'उमेद'शी (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी) जोडलेला असेल तर महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचा रस्ता त्यांच्याकडून जातो, तुमच्याकडून नाही. हे लक्षात ठेवून बोला त्यांच्याशी.

जीएसटी: फक्त मालाचा धंदा असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा तर नियम वेगळे, हस्तकलेला त्यात काही सूट आहे, ते सल्लागाराला विचारून करा. पुढंमागं नोंदणी झालीच तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सुती गोधडीला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. म्हणजे २,५०० ची रेघ ओलांडली की गिऱ्हाईकाच्या खिशाला एकदम चटका. दुपटी रेघेच्या आत बसतील, मोठ्या वाकळी बाहेर.

जायकवाडी | १० ऑक्टोबर, सकाळी ८:००

फोटो?

सुई_धावदोरा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. गंगाखेडच्या काकू, सासूबाईंना विचारलं. त्या आत गेल्या आणि दिवाणातून सहा काढून आणल्या. त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. एकीत नवऱ्याच्या शाळेच्या खाकी चड्ड्या आहेत. मी सतरा वर्षं या घरात आहे आणि या बाईला धावदोरा येतो हे मला माहीत नव्हतं. 'तू कधी विचारलं नाहीस,' म्हणाल्या.

साहेबांच्या बायकोला फोन केला. दुपट्याचे १,४०० सांगितले. आवाज थरथरत होता माझा. त्या म्हणाल्या, 'बरं, दोन करा.'

टाचणी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

बरं एवढ्यावर आल्या म्हणजे कमी सांगितलंत. :)

(धागा मधे पावणेतीन महिने शांत)

सुई_धावदोरा | ४ जानेवारी, रात्री ११:२०

धागा वर काढतेय, आणि चांगल्या बातमीनं नाही.

नोव्हेंबरात पाच दुपटी आणि दोन मोठ्या गेल्या. डोकं जरा हवेत होतं. डिसेंबरात एका ताईंनी आईच्या चार साड्या पाठवल्या. आई जाऊन वर्ष झालेलं, वर्षश्राद्धाच्या आधी वाकळ हवी होती. तीन सुती, फिक्या. चौथी गर्द लाल, काठाची, फारशी न नेसलेली. टाचणीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणं फोटो पाठवले, 'काप' आलं, कापल्या. लाल साडीचा रंग बघायचं मात्र राहिलं. राहिलं कसलं, टाळलं. तारीख जवळ आली होती.

३१ तास शिवली. शेवटी कच्च्या टाक्यांच्या खुणा जाव्यात म्हणून पाण्यातून काढली. बादलीत पाणी गुलाबी झालेलं दिसलं तेव्हाच पोटात गोळा आला. वाळल्यावर पाहिलं तर लाल तुकड्याच्या चारी बाजूंनी मोतिया साडीवर गुलाबी ओघळ. मिठाचं पाणी, थंड पाणी, सगळं करून झालं. एका जागी फिका पडला, बाकी तसाच.

नवरा म्हणाला, कळवू नकोस, असंच डिझाइन म्हण. सासूबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मी त्या ताईंना फोन केला, खरं सांगितलं, आगाऊ पैसे परत केले. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, लाल म्हणजे ती लग्नातली? म्हटलं, मला माहीत नाही, काठाला मोर आहेत. परत शांत. शेवटी म्हणाल्या, 'पाठवून द्या.' बाकी काही नाही.

पाठवली. तीन आठवडे झाले, काही कळवणं नाही. त्यानंतर मी सुई धरलेली नाही.

टाचणी | ४ जानेवारी, रात्री ११:४४

माझ्या हातून तीन वेळा झालंय. ओला पांढरा रुमाल प्रत्येक रंगीत तुकड्यावर दाबून इस्त्री फिरवायची. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर, परत रुमाल, परत पाणी. रुमाल कोरा निघेपर्यंत. तरी लागतच राहिला तर तो तुकडा वापरायचाच नाही, गिऱ्हाईक रडलं तरी. हे भिंतीवर लिहून लावा आणि उद्या सकाळी सुई धरा.

गंगाखेडची_लेक | ५ जानेवारी, सकाळी ६:१०

पोरी, तू फोन केलास ना? मग झालं.

तेरणाकाठ | ५ जानेवारी, सकाळी ६:५५

आमच्या वाकळीला पण कोटाच्या अस्तराचा जांभळा डाग हाय. आई त्याला आभाळ म्हणते.

सुई_धावदोरा | ८ मार्च, दुपारी ४:३०

आज दुकानाला सुट्टी, म्हणून लिहिते.

त्या ताईंचा फेब्रुवारीत मेसेज आला. पैसे परत पाठवले होते ते त्यांनी पुन्हा माझ्या खात्यात टाकले, आणि बहिणीसाठी दुसरी सांगितली. सोबत एकच ओळ: 'लाल घालू नका.' घातली नाही.

नोकरी सोडली नाही. मालकांशी बोलून दुपारी दोनपर्यंतच केली, पगार त्या मानानं कमी झाला. मोठ्या वाकळीचा दर ४,२०० लावलाय, दुपट्याचा १,८००. मुनीमजी, फेब्रुवारीत सगळं वजा जाता ७,१०० राहिले. दुकानातला कापला गेलेला पगार ९,००० होता. म्हणजे १,९०० नं तोट्यात आहे, पण लिहून ठेवलंय सगळं, लाल वही केलीय. कार्यशाळा एक घेतली, सहा जणी आल्या, त्यात दोघी माझ्या नणंदा.

जास्त काम येईल तसं माहेरी मावशी आणि तिच्या जावेला देते. तास मोजायचे म्हटलं तर मावशी हसली. ओळींवर दर ठरवला मग, एका ओळीला १२ रुपये, अर्ध्या इंचाच्या अंतरानं. मुनीमजींच्या खुरपणीपेक्षा वर पडतो. सासूबाई संभाजीनगरात बसून ओळी मोजतात, फुटपट्टी घेऊन, आणि मावशीचा टाका मोठा पडला की मला बोलून दाखवतात. मावशी फोनवर त्यांच्या टाक्याला नावं ठेवते. मागच्या कोपऱ्यात कापडी पट्टीवर शिवणारीचं नाव आणि गाव दोऱ्यानं घालतो. मावशीला सही येत नव्हती, नाव काढायला शिकली ती सुईनंच. पहिल्यांदा 'कौ' उलटा काढला होता, तसाच ठेवलाय.

निळी_शाई | ८ मार्च, संध्याकाळी ५:१५

उलट्या 'कौ'चा फोटो पाहिजेच.

जायकवाडी | ८ मार्च, संध्याकाळी ५:१६

मी ऑक्टोबरपासून मागतोय.

तांड्यावरची | ८ मार्च, संध्याकाळी ७:४०

नाव घातलंत ते वाचून बरं वाटलं. एक विचारू? त्या भाकरीच्या कुटक्याचं काय केलंत? टाचणीताई नको म्हणाल्या होत्या.

सुई_धावदोरा | ८ मार्च, रात्री ९:०५

भाकरी नाही घालत, मुंग्या मलाही नकोत. पण मधला चौकोन रिकामा शिवायचा म्हटलं की हात अडायचा. मावशीनं तोडगा काढला. माय रानात भाकरी बांधून न्यायची ती फडकी तिच्याकडं होती, पिठानं आणि तव्याच्या काजळीनं पिवळी पडलेली. उकळत्या पाण्यातून दोनदा काढली, रुमाल कोरा निघाला. त्याचा दोन बोटांएवढा तुकडा मधल्या थरात जातो. गिऱ्हाईकानं विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तर नाही.

एक फडकं संपलं, दुसरं अर्धं राहिलंय. माहेरी सगळ्या घरांत सांगून ठेवलंय, भाकरीची जुनी फडकी टाकू नका म्हणून. कुणाकडं असतील तर सांगा, सुती पाहिजेत.